संपाचा खर्च कोणी केला? ब्रिटिश गयाना, १९५३ ते १९६४

८ ऑक्टोबर १९५३ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयाना या ब्रिटिश वसाहतीच्या विधानसभेने कामगार संबंध विधेयक मंजूर केले आणि दुसऱ्याच दिवशी त्या देशाची राज्यघटना स्थगित झाल्याची घोषणा ब्रिटिश सरकारने केली. निवडून आलेले मंत्री पदावरून दूर झाले, ब्रिटिश सैनिक राजधानी जॉर्जटाउनच्या रस्त्यांवर उभे राहिले आणि जेमतेम १३३ दिवस कारभार केलेले छेदी जगन यांचे सरकार संपले. पुढे दहा वर्षांनी, १९६३ मध्ये, पुन्हा सत्तेवर आलेल्या जगन यांनी त्याच आशयाचे विधेयक मांडले, तेव्हा त्याविरुद्ध ऐंशी दिवसांचा सार्वत्रिक संप झाला आणि त्या संपाला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने पैसा पुरवला. या विधेयकात मागणी तरी काय होती? एखाद्या उद्योगात मालकाशी बोलणी करण्याचा अधिकार कोणत्या युनियनला असावा, हे कामगारांनी मतदानाने ठरवावे, एवढीच.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये माझी उमेदीची वर्षे युनियनच्या कामात गेली. मान्यता, संप, द्वारसभा, वर्गणी हे शब्द मला पुस्तकातून कळलेले नाहीत. म्हणूनच गयानाचा हा इतिहास प्रथम वाचला तेव्हा मी अस्वस्थ झालो आणि ती अस्वस्थता अजून गेलेली नाही. आपल्याकडे ‘परकीय हात’ हा शब्दप्रयोग सत्तरच्या दशकापासून इतका वापरला गेला आहे, की कोणत्याही आंदोलनावर तो आरोप करायला पुराव्याची गरज उरलेली नाही. कारखान्याच्या दारात दहा माणसे जमली, की व्यवस्थापन ‘बाहेरच्या लोकांनी भडकवले’ म्हणून मोकळे होते. असा सवंग आरोप सतत ऐकणाऱ्या माणसाने, जिथे परकीय हात खरोखर होता आणि तो सरकारी कागदपत्रांतून सिद्ध झाला आहे, असे एक तरी प्रकरण नीट समजून घ्यावे, असे मला वाटते.

गयाना भूगोलाने दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहे, परंतु राजकारण, भाषा, क्रिकेट आणि इतिहास या सर्व बाबतींत तो कॅरिबियन देश आहे. कॅरिबियन राष्ट्रांच्या समुदायाचे मुख्यालयही जॉर्जटाउनमध्येच आहे. मराठी वाचकाला हे शहर वेगळ्या कारणाने आठवेल. सुनील गावस्कर यांनी कसोटी क्रिकेटमधले आपले पहिले शतक १९७१ मध्ये जॉर्जटाउनच्या बोर्डा मैदानावर काढले. ज्या रोहन कन्हाय यांच्यावरून त्यांनी आपल्या मुलाचे नाव ठेवले, ते कन्हाय बर्बिस भागातल्या पोर्ट मोरंट या ऊसमळ्याच्या वस्तीत जन्मले होते. छेदी जगन यांचा जन्मही त्याच पोर्ट मोरंटचा, १९१८ सालचा.

त्यांचे आईवडील उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून लहानपणीच आपापल्या आयांबरोबर जहाजाने तिकडे गेले होते. गुलामगिरी संपल्यावर ऊसमळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३८ पासून १९१७ पर्यंत करारबद्ध मजूर म्हणून सुमारे दोन लाख चाळीस हजार भारतीय माणसे ब्रिटिश गयानात नेली गेली. ५ मे १८३८ रोजी ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्परस’ या जहाजांतून उतरलेली ३९६ माणसे ही त्यांतली पहिली. जगन यांचे वडील मळ्यावर राबत राबत मुकादम झाले आणि त्यांनी मुलाला शिकवले. जगन अमेरिकेत गेले, शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून दंतवैद्य झाले, तिथेच जॅनेट रोझेनबर्ग यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि १९४३ मध्ये परत येऊन जॉर्जटाउनमध्ये दवाखाना उघडला. पुढच्या काळात पती आणि पत्नी दोघेही वेगवेगळ्या वेळी त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

जगन यांच्या राजकारणाला धार आली ती १९४८ च्या एन्मोर प्रकरणाने, आणि इथेच आपल्या मूळ विधेयकाचे बीज आहे. तोपर्यंत तोडणी करणाऱ्याने ऊस फक्त तोडायचा, ही अनेक मळ्यांवरची रीत होती. मालकांनी आता तोडणाऱ्यानेच मोळ्या वाहून कालव्यातल्या लोखंडी होड्यांमध्ये भराव्यात, अशी सक्ती केली. निफाडकडे हंगामात येणाऱ्या तोडणी टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या सक्तीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. दिवसभर कोयता चालवून पाठीचा कणा मोडल्यावर डोक्यावर ओल्या उसाची मोळी घेऊन निसरड्या काठावरून होडीपर्यंत जायचे, ते काम निराळेच असते. कामगारांनी संप केला. त्यांच्या मागण्या दोन होत्या: ही पद्धत बंद करा आणि आमची युनियन मान्य करा. १६ जून १९४८ रोजी एन्मोरच्या मळ्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच कामगार मृत्युमुखी पडले. जगन त्यांच्या अंत्ययात्रेबरोबर जॉर्जटाउनपर्यंत चालत गेले.

मालकांनी मान्यता दिलेली युनियन मॅन पॉवर सिटिझन्स असोसिएशन नावाची होती. कामगारांचा मोठा हिस्सा मात्र दुसऱ्या युनियनकडे होता. मालक ज्या युनियनशी बोलतात तिच्यावर कामगारांचा विश्वास नाही, आणि कामगारांचा जिच्यावर विश्वास आहे तिच्याशी मालक बोलत नाहीत, असा हा पेच होता. महाराष्ट्रातल्या वाचकाने १९८२ चा मुंबईतला गिरणी संप आठवावा. जुन्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही प्रातिनिधिक युनियन होती आणि लाखो कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे उभे होते. मागण्या पगाराच्या होत्या, बोनसच्या होत्या, परंतु त्या कायद्यातली मान्यतेची गाठ सुटली नाही आणि संप तिथेच अडकला. आमच्या वसाहतींना लागू असलेला महाराष्ट्राचा १९७१ चा कायदाही तीस टक्के सभासदत्वाच्या आधारावर मान्यता देतो; गुप्त मतदानाने ती ठरवावी, ही मागणी आम्ही किती द्वारसभांमध्ये केली असेल, त्याला गणती नाही. जगन यांचे विधेयक नेमके हेच करणार होते, आणि त्याचा नमुना मॉस्कोहून आणलेला नव्हता. रूझवेल्ट यांच्या काळात, १९३५ मध्ये, अमेरिकेत झालेल्या वॅग्नर कायद्यावर तो बेतलेला होता. या एका गोष्टीपाशी मी वाचताना बराच वेळ थांबलो. अमेरिकन कामगाराला जो हक्क त्याच्या स्वतःच्या देशात कायद्याने मिळाला होता, तोच हक्क मागणारा गयानातला ऊसकामगार अमेरिकन सरकारच्या लेखी धोकादायक ठरला.

१९५३ ची हकिकत थोडक्यात सांगतो. एप्रिलमधल्या निवडणुकीत जगन आणि फोर्ब्स बर्नहॅम यांच्या पीपल्स प्रोग्रेसिव्ह पार्टीने २४ पैकी १८ जागा जिंकल्या होत्या. जगन भारतीय वंशाचे, बर्नहॅम आफ्रिकी वंशाचे, आणि मळ्यावरचा मजूर व शहरातला गोदी कामगार एकाच झेंड्याखाली, हे त्या वसाहतीत प्रथमच घडत होते. चर्चिल सरकारने साम्यवादी कटाचे कारण दाखवून ते सरकार काढून टाकले. जगन आणि बर्नहॅम न्याय मागायला लंडनला आणि तिथून भारतात आले, पंडित नेहरूंना भेटले, सहानुभूती घेऊन परत गेले. मायदेशी जगन यांच्या हालचालींवर बंधने आली, ती मोडल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला आणि १९५५ मध्ये पक्ष फुटला. ब्रिटिशांची एमआय५ ही संस्था या काळात जगन दांपत्यावर पाळत ठेवून होती, त्यांचे टपाल फोडले जात होते आणि दूरध्वनी ऐकले जात होते. या संस्थेच्या २०११ मध्ये खुल्या झालेल्या फायलींमधून दिसते ते असे, की जगन मार्क्सवादी विचारांचे असले तरी त्यांचा पक्ष बाहेरच्या साम्यवादी सत्तेच्या पैशावर किंवा आज्ञेवर चालत असल्याचा पुरावा खुद्द पाळत ठेवणाऱ्यांनाच सापडला नव्हता.

फूट पडूनही जगन १९५७ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट १९६१ मध्ये निवडून आले. १९६१ मध्ये त्यांच्या पक्षाला ३५ पैकी २० जागा मिळाल्या. मतांचा हिस्सा मात्र सुमारे त्रेचाळीस टक्के होता आणि बर्नहॅम यांच्या पीपल्स नॅशनल काँग्रेसचा सुमारे एकेचाळीस. मतांमधले हे थोडे अंतर आणि जागांमधली मोठी तफावत लक्षात ठेवावी. पुढचा सगळा डाव त्यावरच रचला गेला. ऑक्टोबर १९६१ मध्ये जगन वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना भेटले, आर्थिक मदत मागितली आणि जवळजवळ रिकाम्या हाताने परतले. त्याआधी अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत साम्यवादी देशांविषयीच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली सैल उत्तरे केनेडींना आवडली नव्हती. अमेरिकेने क्यूबावर घडवून आणलेल्या आणि फसलेल्या आक्रमणाला तेव्हा वर्षही झालेले नव्हते.

जानेवारी १९६२ च्या अखेरीस जगन सरकारने नवा अर्थसंकल्प मांडला. तो निकोलस कॅल्डॉर या अर्थतज्ज्ञांच्या सल्ल्याने तयार झाला होता, ज्यांनी काही वर्षांपूर्वी भारत सरकारलाही संपत्ती कर आणि खर्च कर सुचवले होते. विरोधक रस्त्यावर उतरले आणि १६ फेब्रुवारीला जॉर्जटाउनचा व्यापारी भाग पेटला. त्यानंतर तीनच दिवसांनी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम यांना पत्र लिहिले. जगन यांच्या हाती असलेला स्वतंत्र ब्रिटिश गयाना आम्हाला चालणार नाही आणि ते पुन्हा सत्तेवर येता कामा नयेत, असा त्याचा रोख होता. होम यांनी उत्तरात विचारले, की लोकशाहीत हे कसे घडवून आणायचे असे आपल्याला वाटते? ही दोन्ही पत्रे आता प्रसिद्ध आहेत. मला या पत्रव्यवहारात रस्क यांच्या उद्धटपणापेक्षा होम यांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रश्न अगदी बरोबर होता, विचारणाऱ्याला त्याचे उत्तरही ठाऊक होते, आणि तरीही पुढच्या दोन वर्षांत त्याच ब्रिटिश सरकारने ती गोष्ट कायद्याच्या चौकटीत घडवून आणली.

त्यासाठी जी साधने वापरली गेली, त्यांतले पहिले होते युनियन. अमेरिकन कामगार महासंघ, उद्योगपती आणि अमेरिकन सरकार यांनी मिळून साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन इन्स्टिट्यूट फॉर फ्री लेबर डेव्हलपमेंट ही संस्था उभी केली होती. लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या युनियन कार्यकर्त्यांना वॉशिंग्टनला नेऊन ती प्रशिक्षण देत असे. १९६२ मध्ये ब्रिटिश गयानातले काही कार्यकर्ते तिथे शिकून परतले आणि परतल्यावरही त्यांना मानधन मिळत राहिले. दुसरा मार्ग होता तो सरकारी नोकरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा. त्याचा अमेरिकेतला सभासद असलेल्या सरकारी व महापालिका कर्मचाऱ्यांच्या संघटनेला एका प्रतिष्ठानामार्फत सीआयएचा पैसा मिळत होता, आणि हॉवर्ड मॅकेब नावाचे गृहस्थ त्या महासंघाचे प्रतिनिधी म्हणून जॉर्जटाउनमध्ये वावरत होते. संपाच्या वाटाघाटींमध्ये, मदतनिधीच्या वाटपात, सल्लामसलतीत ते सर्वत्र होते. न्यूयॉर्क टाइम्सने आणि लंडनच्या संडे टाइम्सने १९६७ मध्ये हे सारे बाहेर काढले, तेव्हा त्या अमेरिकन संघटनेच्या नव्या अध्यक्षांना, जेरी वुर्फ यांना, आपण १९६४ मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर हा संबंध तोडला असे जाहीरपणे सांगावे लागले.

एप्रिल १९६३ मध्ये कामगार संबंध विधेयक पुन्हा आले आणि गयानाच्या कामगार महासंघाने सार्वत्रिक संप पुकारला. या महासंघाचे अध्यक्ष रिचर्ड इश्मेल हे मालकांनी मान्यता दिलेल्या त्या ऊसकामगार युनियनचेही अध्यक्ष होते. सरकारी कर्मचारी, गोदी कामगार, वाहतूक कर्मचारी सारे बाहेर पडले. जहाजे थांबली, विमाने थांबली, इंधन संपत आले. जगन यांनी शेवटी क्यूबाकडून तेल मागवले आणि मग तेच तेल, हा माणूस साम्यवादी असल्याचा पुरावा म्हणून दाखवले गेले.

काही काळापूर्वी आमच्या अभ्यासवर्गात मी हा भाग सांगत होतो. अंबडच्या एका कारखान्यातला कंत्राटी कामगार, वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान, मध्येच उठून म्हणाला, “काका, ऐंशी दिवस संप चालला म्हणता, मग त्यांच्या घरात चूल कशी पेटली?” वर्गातल्या साऱ्या प्रश्नांमध्ये हा सर्वांत शहाणपणाचा होता. संप केलेल्या माणसालाच तो सुचतो. पहिला महिना निघतो, कारण हातात मागच्या महिन्याचा पगार असतो आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार वहीत लिहून घेतो. दुसऱ्या महिन्यात तोच दुकानदार नजर चुकवू लागतो. ज्याचे गाव चांदवड किंवा सिन्नरकडे आहे, त्याच्या घरी भावाकडून बाजरीचे पोते येते. ज्याला गाव उरलेले नाही, त्याच्या बायकोचे दागिने सोनाराकडे जातात. युनियनचे पावतीपुस्तक घेऊन आम्ही इतर कारखान्यांच्या दारांवर उभे राहत असू, शिफ्ट सुटताना प्रत्येक जण दहा-वीस रुपये टाकत असे, आणि रात्री कार्यालयात सगळ्यांसमोर रक्कम मोजून वहीत लिहिली जात असे. त्या वहीतला प्रत्येक रुपया कोणाचा आहे, हे संपावरच्या कामगाराला विचारता येत होते. जॉर्जटाउनमध्ये आठवड्याच्या आठवड्याला मदत मिळत होती आणि ती अमेरिकन कामगारबांधवांनी पाठवली आहे, असे सांगितले जात होते. बंदरातल्या ज्या हमालाने ती घेतली, त्याला त्या पैशाचा उगम विचारण्याची सोयच नव्हती.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे, कारण त्यावर आमच्याच लोकांमध्ये गोंधळ असतो. एका देशातल्या कामगारांनी दुसऱ्या देशातल्या संपाला पैसे पाठवणे यात गैर काहीच नाही. ती कामगार चळवळीची सर्वांत जुनी आणि सर्वांत चांगली परंपरा आहे. गयानातला गुन्हा पैशाच्या परदेशी असण्यात नव्हता, त्याच्या लपवलेल्या मालकीत होता. न्यूयॉर्कमधल्या सफाई कामगाराला त्याच्या संघटनेचे नाव वापरले जात असल्याचे माहीत नव्हते आणि जॉर्जटाउनमधल्या कारकुनाला आपल्या संपाची मुदत दुसऱ्या देशाच्या सरकारी कचेरीत ठरते आहे हे माहीत नव्हते. दोन्ही टोकांच्या कामगारांची ही फसवणूक होती. तिने त्या एका संपापुरते नुकसान केले नाही; बंधुभावाने आलेली मदतही संशयाने पाहिली जावी, अशी सोय तिने जगभरच्या मालकांना आणि सरकारांना करून दिली.

संपकऱ्यांच्या मनातली भीती मात्र बनावट नव्हती. मतदानाच्या नावाखाली सरकार आपल्या पक्षाची युनियन सगळीकडे घुसवील, ही शंका महासंघातल्या अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांना होती. शहरातल्या आफ्रिकी वंशाच्या नोकरदाराला, मळ्यांवरच्या आणि भातशेतीतल्या भारतीयांच्या मतांवर कायमचे राज्य चालेल, ही धास्ती होती. जगन यांनी ती धास्ती दूर करण्यासाठी पुरेसे काही केले असे मला वाटत नाही. त्यांचे भाषण सिद्धान्ताचे होते, समोरच्याला धीर देण्याचे कौशल्य त्यांच्याकडे कमी होते. जिथे समाजात भेग आहे, तिथेच गुप्तचर संस्थेला पहार घालता येते. गयानातली भेग मळेवाल्यांनी शंभर वर्षांत पाडलेली होती. पहार घालून ती रुंद करण्याचा निर्णय मात्र वॉशिंग्टनचा होता.

संप जुलै १९६३ मध्ये मिटला आणि विधेयक बारगळले. त्याच सुमारास, ३० जूनला, केनेडी इंग्लंडमध्ये पंतप्रधान मॅकमिलन यांच्या घरी भेटीला गेले होते आणि तिथल्या चर्चेत ब्रिटिश गयानाचा विषय त्यांनी आग्रहाने मांडला होता. आता दुसरे साधन पुढे आले: निवडणूक पद्धत. ऑक्टोबरमध्ये लंडनला घटना परिषद भरली, तिच्यात तोडगा निघाला नाही आणि वसाहतमंत्री डंकन सँडिस यांनी, उरलेले सर्व प्रश्न ब्रिटिश सरकारने आपल्या अधिकारात सोडवावेत व तो निर्णय आम्हाला मान्य असेल, अशा आशयाच्या पत्रावर जगन, बर्नहॅम आणि युनायटेड फोर्स या तिसऱ्या पक्षाचे पीटर डी’आगियार या तिन्ही नेत्यांच्या सह्या घेतल्या. जगन यांनीही सही केली. त्यांना वाटले, की ब्रिटिश सरकार दोन्ही बाजूंना थोडे थोडे देईल. सँडिस यांनी ३१ ऑक्टोबरला निर्णय दिला तो सर्वस्वी विरोधकांच्या बाजूचा: मतदारसंघ रद्द, संपूर्ण देश एकच मतदारसंघ, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, स्वातंत्र्यापूर्वी आणखी एक निवडणूक, आणि अठरा वर्षांवरील तरुणांना मताधिकार देण्याची जगन यांची मागणी अमान्य. वाटाघाटींच्या मेजावर आम्हीही अनेकदा लवादाच्या कागदावर सह्या केल्या आहेत. परंतु लवाद कोण आहे आणि त्याला कोणाचे दडपण आहे हे पारखल्याशिवाय अशी सही करणे ही जगन यांची सर्वांत महाग पडलेली चूक होती.

१९६४ हे साल रक्ताचे गेले. फेब्रुवारीत ऊसकामगारांच्या नव्या युनियनने, गयाना अॅग्रिकल्चरल वर्कर्स युनियनने, पुन्हा मान्यतेसाठी संप सुरू केला. ६ मार्चला लिओनोरा मळ्यावर कौसिल्ला नावाची कामगार स्त्री पुलावर ठाण मांडून बसलेल्या बायकांमध्ये होती. संप मोडायला आलेल्या माणसाने ट्रॅक्टर त्या बायकांवर घातला आणि ती ठार झाली. त्यानंतर प्रश्न युनियनचा राहिला नाही, वंशाचा झाला. २५ मे रोजी बॉक्साइट खाणींच्या परिसरातल्या विस्मार इथे भारतीय वस्तीवर हल्ले झाले, घरे जळाली, स्त्रियांवर अत्याचार झाले आणि हजारो माणसांना तिथून हलवावे लागले. ६ जुलैला डेमेरारा नदीत ‘सन चॅपमन’ या बोटीत स्फोट झाला आणि आफ्रिकी वंशाचे सुमारे चाळीस प्रवासी मेले. त्या वर्षात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. मिश्र वस्तीची गावे फुटून एकेका वंशाची झाली.

७ डिसेंबर १९६४ च्या निवडणुकीत जगन यांच्या पक्षाला जवळजवळ शेहेचाळीस टक्के मते मिळाली, म्हणजे १९६१ पेक्षा अधिक, आणि ५३ पैकी २४ जागा मिळाल्या. बर्नहॅम यांना २२ आणि उद्योगपती पीटर डी’आगियार यांच्या युनायटेड फोर्सला ७ जागा मिळाल्या. दोघांनी मिळून सरकार केले. जगन यांनी राजीनामा द्यायला नकार दिला तेव्हा लंडनहून घटनेत दुरुस्ती करून त्यांना दूर केले गेले. हे करणारे सरकार हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाचे होते, ज्यांनी विरोधात असताना याच निवडणूक पद्धतीवर कडाडून टीका केली होती. २६ मे १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला.

पुढची २८ वर्षे जगन विरोधी बाकावर होते. १९६८ च्या निवडणुकीत परदेशस्थ मतदारांच्या याद्या खोट्या होत्या. ब्रिटिश दूरचित्रवाणीचे पत्रकार मँचेस्टरमधल्या नोंदलेल्या पत्त्यांवर गेले, तेव्हा एके ठिकाणी घराऐवजी मोकळ्या जागेत घोडे चरताना आढळले. ज्या बर्नहॅम यांना साम्यवाद रोखण्यासाठी बसवले गेले, त्यांनीच नंतर बॉक्साइट आणि साखर उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले, क्यूबाशी मैत्री केली आणि १९८० च्या दशकात गव्हाच्या पिठाच्या आयातीवर बंदी घातली, ज्यामुळे पोळी खाणाऱ्या घरांत चोरट्या पिठावर दिवस काढावे लागले. बर्नहॅम यांना विरोध करणारे इतिहासकार वॉल्टर रॉडनी यांची १९८० मध्ये बॉम्बस्फोटात हत्या झाली. माणसे देश सोडून जात राहिली. अमेरिकन परराष्ट्र खात्याने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांनुसार १९६२ ते १९६८ या काळात ब्रिटिश गयानातल्या गुप्त कारवायांवर २०.८ लाख डॉलर खर्च झाले. इतक्या पैशात एका देशाच्या दोन पिढ्यांचे राजकारण बदलले, हे वाचताना मला त्या रकमेच्या लहानपणाचाच अधिक धक्का बसला.

केनेडी यांचे सल्लागार असलेले इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका कार्यक्रमात जगन यांच्यासमोर, त्यांच्यावर मोठा अन्याय झाला आणि त्यात आपलाही वाटा होता, असे मान्य केले. ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली, जगन जिंकले आणि ९ ऑक्टोबरला, म्हणजे पहिले सरकार बरखास्त झाल्याच्या तारखेलाच, त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. दोन वर्षांनी अमेरिकन सरकारने गयानातले राजदूत म्हणून विल्यम डोहर्टी यांचे नाव पुढे केले. हे तेच गृहस्थ, जे त्या प्रशिक्षण संस्थेचे दीर्घकाळ प्रमुख होते. जगन यांनी आक्षेप घेतल्यावर ते नाव मागे घ्यावे लागले.

राहता राहिला तो एन्मोरच्या मळ्यावरचा मूळ प्रश्न. साखर उद्योगाचे राष्ट्रीयीकरण होऊ घातले असताना, १९७५ च्या अखेरीस, बर्नहॅम यांच्याच राजवटीत ऊसकामगारांचे मतदान घेण्यात आले. गयाना अॅग्रिकल्चरल वर्कर्स युनियनला जवळजवळ सगळी मते मिळाली आणि १९७६ मध्ये तिला मान्यता मिळाली. १९५३ आणि १९६३ ची दोन्ही विधेयके जे मतदान मागत होती, ते झाले आणि कामगारांनी तेच उत्तर दिले, जे एन्मोरला गोळ्या खाण्यापूर्वीही त्यांनी दिले असते.